सन्मतींची सहा मिनिटं

सन्मती मगदूम दिवसातून सहा मिनिटं बोलत. संध्याकाळी साडेपाचला, घरातली जेवणं व्हायच्या आधी. त्यांची बायको पद्मजा पलंगाशेजारच्या स्टुलावरचा छोटा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करी. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटत, त्यातली खालची ती निवडी आणि स्वयंपाकघरातून आणलेला टायमर फिरवून ठेवी. लॅपटॉप जागा व्हायला दोन मिनिटं जात, परत वरच्या ओळीवर जायला दोन. डॉक्टरांनी दिलेल्या दहातली उरत सहा.

"पद्मा," त्या दिवशी लॅपटॉप म्हणाला. आवाज सन्मतींचाच होता. मिरजेच्या एसटी स्टँडवर सव्वीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या, त्या ध्वनिफितींवरून तो बनवला होता. "डाव्या टाचेखाली चादरीची घडी आलीय. सकाळपासून."

"काढते. आणखी?"

"डोळ्यांत थेंब घालतेस ते झोंबतात."

"डॉक्टरांना विचारते. पोट कसंय? पाठीला कुठे लागतंय का?"

"नाही. पद्मा, काल मला आठवत होतं, आपण कुंभोजच्या डोंगरावर गेलो होतो बघ, लग्नानंतर, तेव्हा येताना तुझी ती छत्री—"

टायमर वाजला.

"उद्या सांगा," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. छत्रीचं काय झालं ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मूत्रनळीचा त्रास निघाला आणि सगळी मिनिटं त्यातच गेली.

सहा वर्षांपूर्वी सन्मतींच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली. तिथूनच मेंदूचे निरोप खाली शरीराकडे जातात. आठवण, बुद्धी, राग, ऐकणं, सगळं जागच्या जागी राहिलं. जीभ, ओठ, हात, पाय यांच्यापर्यंत मात्र काही पोहोचेना. तेव्हा बंगळूरच्या एका कंपनीने नव्याने आणलेली चकती त्यांच्या कवटीत बसवली गेली. आकाराने तुरीच्या डाळीएवढी, आणि तिला केसाहून बारीक अशा सव्वाशे सुया. आपण 'पाणी' म्हणतो त्याच्या आधी मेंदू ओठांना मिटायचा आणि जिभेला वळायचा हुकूम सोडतो. ओठ हलले नाहीत तरी हुकूम सुटतोच. चकती तो पकडते. पण पकडलेल्या खुणांवरून शब्द ओळखायचा तर मोठी आकडेमोड लागते, आकडेमोडीने उष्णता होते, आणि मेंदूला एका अंशाचीही जादा उष्णता सोसत नाही. म्हणून ही सगळी आकडेमोड बाहेर, त्या लॅपटॉपवर होई. कुणी लांबून चकतीशी खेळ करू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच तिची आणि त्या एका लॅपटॉपची जोडी लावून टाकली होती. चकती दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं ऐकत नसे. जोडी बदलायची तर कवटी पुन्हा उघडायला हवी.

त्याच चकतीचं दुसरं कामही होतं. दुखावलेल्या मेंदूत अधूनमधून झटक्याची लाट उठे. लाट उठतेय हे चकतीला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात कळे, लॅपटॉप उलट स्पंद पाठवी आणि लाट तिथल्या तिथे विरे. पाच वर्षं दोन्ही कामं एकत्र, बिनबोभाट चालली. मग कंपनी विकली गेली, तीही दोन तुकड्यांत. बोलण्याचा विभाग ज्यांनी घेतला त्यांनी तो वर्षभरात बंद केला. झटके थोपवण्याचा विभाग ज्यांनी घेतला त्यांनी जुन्या सिस्टिममधली ती सोय काढून घेतली आणि स्वतःची नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणली. ती दुसऱ्या कुणाला त्याच वेळी यंत्रात चालू देत नसे. स्पंद पाठवायला एका निमिषाचा उशीर झाला तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता, आणि तो काही खोटा नव्हता.

या घोळात तीन आठवडे सन्मती जुन्या सिस्टिमवरच राहिले, आणि त्यांना दोन झटके आले. दुसरा अठरा मिनिटं टिकला. त्याआधी त्यांच्या पापण्या तेवढ्या हलत, हो-नाही सांगता येई. त्यानंतर पापण्याही थांबल्या.

एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम बसवून दिल्या त्या फैयाज मुजावरने. त्याचं किल्ल्याच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डिस्कचे दोन भाग करून त्याने एकात जुनी ठेवली, दुसऱ्यात नवी. एका वेळी एकच चालणार. नवी बंद केल्यावर तिने शांत केलेला मेंदू साधारण दहा मिनिटं शांत राहतो, पुढे मात्र भरवसा नाही, असं डॉक्टर हेरवाडकरांनी बजावलं होतं. तेव्हापासून घरात शब्दच पडून गेले. कुणी आलं की विचारी, "सन्मती जुन्यात आहेत का नव्यात?" नव्यात म्हणजे सुखरूप आणि मुके. जुन्यात म्हणजे बोलते, आणि सगळ्यांचा श्वास अडकलेला.

सहा मिनिटांच्या वाटण्याही झाल्या. सोमवार आणि गुरुवार त्यांच्या आईचे. तिला सगळे अक्का म्हणत. रविवार मुलीचा, चंदनाचा. ती हुबळीत नोकरीला होती आणि फोन लावून बोले. बाकीचे दिवस पद्मजाचे. अक्का आपल्या वेळात लेकाकडून णमोकार मंत्र म्हणवून घ्यायची. तो म्हणे, ती ऐके, मिनिटं संपत.

"अक्का, त्यांना कुठे दुखतंय ते तरी विचारा हो," एकदा पद्मजा वैतागून म्हणाली.

"ते तू विचारतेसच की," अक्का म्हणाली. "मी त्याची आई आहे, नर्स नाही."

पद्मजाला ते लागलं. ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होती, ते सोडून अकरा महिने ती घरी होती. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून पातळ अन्न देणं, थेंब घालून पापण्या हाताने मिटणं. सहा मिनिटांत तिला चोवीस तासांची तक्रार समजून घ्यायची असे. तिने प्रश्नांची यादीच भिंतीला डकवली होती.

आणि नऊ तारखेला लॅपटॉपवर सूचना आली. तीस तारखेला दुपारी बारा वाजता सध्याची नवी सिस्टिम काम करणं थांबवेल. तिची पुढची आवृत्ती त्याआधी घ्यावी. तिला संपूर्ण डिस्क लागेल. दुसरी कुठलीही सिस्टिम आढळली तर पुसली जाईल.

पद्मजाने ती सूचना चार वेळा वाचली. सन्मतींना ऐकू येत होतं म्हणून मनातल्या मनात वाचली. मग लॅपटॉपचा फोटो काढून ती फैयाजकडे गेली.

"वहिनी, ह्याच्यात मोठी डिस्क घालायची सोय असती तर मी आज संध्याकाळी करून दिलं असतं," फैयाज म्हणाला. "पण ह्यांनी सगळं बोर्डावरच चिकटवून टाकलंय. बाहेरून डिस्क जोडून चालवावं म्हणलं तर नवं ते करू देत नाही. एकाच्या पोटात दुसरं चालवायचं मी तुमच्यासाठी मागेच करून बघितलंय. नवं लगेच ओळखतंय आणि थांबतंय."

"जुन्याची प्रत काढून ठेवली तर?"

"ठेवू की. पण वाचणार कशावर? भाऊंच्या डोक्यातली ती चकती ऐकणार फक्त ह्याचं." त्याने फोटोतल्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. "मी अजून बघतो. दुकान बंद ठेवून बघतो. पण वहिनी, आशेवर बसू नका."

पुढचे दहा दिवस पद्मजा आशेवरच बसली. कंपनीच्या मदत क्रमांकावरची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बोलण्याची सुविधा आमच्या यादीत नाही. झटक्यांपासून संरक्षण मात्र आजीवन मोफत आहे." मुदत वाढवून द्या म्हणून पद्मजाने तीन पत्रं पाठवली, तिन्हींना एकच उत्तर आलं. बोलण्याचा विभाग बंद करणाऱ्या कंपनीचा फोन कुणी उचललाच नाही. डॉक्टर हेरवाडकरांना तिने कवटी पुन्हा उघडण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "सुया आता मेंदूत रुजल्यात, पद्मजाताई. काढताना ते टेबलावरून परत येतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"मग मी काय ठेवू?"

"मी डॉक्टर आहे. मी जीव ठेवा म्हणणार."

पंचवीस तारखेला चंदना रजा काढून आली. आईने स्वयंपाकघराचं दार लोटून तिला सगळं सांगितलं.

"अण्णांना माहीत आहे?" चंदनाने विचारलं.

"नाही."

"आई! त्यांचं बोलणं जाणार आणि त्यांनाच माहीत नाही? विचार त्यांना."

"विचारलं तर ते काय म्हणतील मला माहीत आहे."

"म्हणूनच विचारायचं!"

"तू तो झटका बघितला नाहीस," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज दारापलीकडे जाऊ नये म्हणून ती दात आवळून बोलत होती. "अठरा मिनिटं. त्यांचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज मी ऐकलाय. फळीसारखं ताठ झालेलं अंग मी दोन्ही हातांनी दाबून धरलंय. तू फोनवर होतीस, चंदा. मी खोलीत होते."

चंदना रडायला लागली. पण हटली नाही. "तरी ते त्यांचं डोकं आहे," ती म्हणाली. "तुझं नाही."

अठ्ठावीस तारीख गुरुवार होती, अक्काचा वार. अक्काला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण घरातली कुजबूज तिच्या कानावर आलीच होती. साडेपाचला ती खोलीच्या दारातूनच मागे फिरली. "आज तू बोल त्याच्याशी," एवढंच म्हणाली.

पद्मजाने खालची ओळ निवडली. टायमर फिरवला. लॅपटॉप जागा झाल्यावर तिने यादीतलं काहीच विचारलं नाही. दोन-तीन वाक्यांत परिस्थिती सांगितली, शाळेत मुलींना प्रयोग समजावून देत असे तशी. एक ठेवलं तर दुसरं जातं. परवा बारा वाजता.

लॅपटॉप गप्प राहिला. एक मिनिट गेलं. तिला वाटलं बिघडला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"नऊ तारखेपासून."

"म्हणजे वीस दिवस मी टाचेच्या घडीबद्दल बोलत बसलो."

"अहो—"

"जुनं ठेव."

"झटका आला तर?"

"येऊ दे."

"तुम्ही गेलात तर?"

"तेही होईल. पद्मा, नव्यात मला काय होतं सांगू? तुम्ही सगळे माझ्यावरून बोलता. हे उचला, ते सरकवा, आज रंग बरा दिसतोय. मी तेवीस तास चौपन्न मिनिटं सामान असतो. आता चोवीस तास होऊ? किती वर्षं? वीस?"

"मला नाही बघवणार," पद्मजा म्हणाली. "मी एकदा बघितलंय. पुन्हा नाही."

"मग बघू नकोस. बाहेर जाऊन उभी राहा." आवाज यंत्राचा असल्यामुळे त्यात राग किती आणि काकुळती किती ते कळायला मार्ग नव्हता. "अकरा महिन्यांत तू मला कुठे दुखतंय याशिवाय काही विचारलं नाहीस."

"वेळ कुठे होता?"

"नव्हता. तेच म्हणतोय मी."

टायमर वाजला.

"बंद करू नकोस," सन्मती म्हणाले. "आज नको. पद्मा. बंद करू न—"

तिने बंद केलं. वरची ओळ निवडली. मग ती मोरीत जाऊन पाणी सोडून बसली आणि बादली भरून वाहायला लागली तरी उठली नाही.

तीस तारखेला साडेअकरा वाजता पद्मजा लॅपटॉपसमोर बसली. तिने रात्रभर ठरवलं होतं. माणूस जिवंत असला तर पुढे काहीतरी होईल, कुणी दुसरं यंत्र काढेल. मेलेल्या माणसाचं बोलणं काय करायचं? शेजारी चंदना उभी होती. अक्का पलंगाच्या पायथ्याशी लेकाच्या पावलावर हात ठेवून बसली होती. पुढची आवृत्ती घ्यायची आहे का, असं पडद्याने विचारलं. पद्मजाने 'हो' दाबलं. दुसरी सिस्टिम आढळली आहे, पुसायची का? 'हो.' मग शेवटचा चौकोन आला. त्यात लिहिलं होतं: रुग्ण शुद्धीवर असून त्याने या बदलाला स्वतः संमती दिली आहे.

पद्मजा त्या ओळीकडे बघत राहिली.

"आई, टिक कर ना," चंदना म्हणाली.

"त्यांनी दिलेली नाही."

"मला माहीत आहे! कोण बघायला येणार आहे? सगळे असंच करतात. टिक कर, बारा वाजतील."

"विचार म्हणून तूच भांडली होतीस."

"मला वाटलं ते राहायचं म्हणतील," चंदना म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "आई, मला अण्णा हवेत. न बोलता चालतील. मला हवेत."

पद्मजाने अक्काकडे बघितलं. "मला विचारू नकोस," अक्का म्हणाली. "मी आई आहे. मी चूकच सांगीन."

बारा वाजायला सात मिनिटं होती, मग चार. न विचारता तिने हा चौकोन दहा दिवसांपूर्वी डोळे मिटून भरला असता. विचारून, ऐकून, ते तिला जमेना. ती माउस हातात धरून बसली होती आणि तिच्या तोंडून लहान मुलासारखा एक बारीक आवाज येत होता, जो तिचा तिलाच कळत नव्हता. बारा वाजले. नवी सिस्टिम बंद पडली. पडदा काळा झाला, दोन ओळी आल्या. पद्मजाने खालची निवडली.

"कुणी रडतंय का?" दोन मिनिटांनी सन्मतींनी विचारलं.

त्यानंतर ते बोलत राहिले. पहिला दिवस आणि पहिली रात्र सलग. छत्री त्यांनी डोंगरावर मुद्दामच सोडून दिली होती, तिचा रंग त्यांना आवडत नव्हता. चंदनाच्या ऑफिसातल्या कुणा धीरजबद्दल त्यांनी इतक्या चौकशा केल्या की ती लाजून उठून गेली. अक्काला म्हणाले, णमोकार पुष्कळ झाला, आता मला पापडखाराचा वाद सांग, मामांशी तू का बोलत नव्हतीस. फैयाज आला तेव्हा त्याच्याशी कबुतरांवर तासभर बोलले. डॉक्टर हेरवाडकर नाकात मारायचा फवारा आणि गोळ्या देऊन गेले. ते पद्मजावर चिडले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

चौथ्या दिवसापासून बोलणं कमी झालं. लॅपटॉप चालूच असे आणि सन्मती गप्प असत. पहिल्यांदा पद्मजा घाबरली. "अहो, आहात ना?"

"आहे. काही सांगायचं नाहीये आत्ता."

ती भाजी निवडत त्याच खोलीत बसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ते स्वतःच्या मर्जीने गप्प होते. तिला झोप मात्र लागत नसे. त्यांच्या छातीवर हात ठेवून ती रात्री पडून राही आणि प्रत्येक वेगळ्या श्वासाला उठून बसे.

नवव्या दिवशी सकाळी, चंदना दूध तापवत असताना, सन्मती म्हणाले, "पद्मा, खिडकी जरा—" आणि पुढे लॅपटॉपमधून नुसता गोंगाट आला. जिभेला, ओठांना एकाच वेळी हजार हुकूम सुटले तर होईल तसा. अंग ताठ झालं. पद्मजाने फवारा मारला, त्यांना कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. चंदना डॉक्टरांना फोन करत होती आणि पत्ता माहीत असूनही सांगता येत नव्हता. पद्मजा बाहेर गेली नाही. तिने सगळं बघितलं. गोंगाट थांबवायला तिने लॅपटॉपही बंद केला नाही. चौदा मिनिटांनी अंग सैल पडलं.

ते जगले. डॉक्टर म्हणाले, आतलं किती राहिलंय ते सांगता येत नाही, आणि पुढचा झटका केव्हा येईल तेही. लॅपटॉप दोन दिवस गप्प होता. पद्मजा हाका मारी, आणि उत्तर येत नसे. तिसऱ्या दिवशी काहीतरी उमटू लागलं, पण त्याला अर्थ नव्हता. 'कप', 'तळ', 'नाना', मग पुन्हा शांतता. फैयाज तास-दोन तास बघत बसला आणि म्हणाला, "वहिनी, हे बिघडलेलं नाही. भाऊंच्या खुणा बदलल्यात. ह्याला नव्यानं शिकवावं लागंल. पण आत शिकवायला कुणी असलं तर."

सहा वर्षांपूर्वी असंच शिकवलं होतं. शंभर शब्दांचा कागद. पद्मजा शब्द वाचणार, सन्मतींनी तो मनात म्हणायचा, यंत्राने ओळखायचा प्रयत्न करायचा. तिने कपाटातून तो कागद शोधून काढला आणि खुर्ची ओढून बसली.

"पाणी," तिने वाचलं. "म्हणा, पाणी."

"कप," लॅपटॉप म्हणाला.

"पाणी."

काही नाही.

"पाणी."

"नळ. ना."

सकाळी नऊ वाजता सुरू केलं होतं. पाणी, घर, ऊन, हात. एकेक शब्द वीस वेळा, तीस वेळा. चंदना दारात येऊन बघून जाई. दहाच्या सुमाराला तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, कदाचित आत आता—"

"हात," पद्मजा म्हणाली. "म्हणा, हात."

तिचा घसा बसला होता. अकराला तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. "पाणी."

"पुरे," लॅपटॉप म्हणाला.

पद्मजाने कागद डोळ्यांजवळ धरला. तिने शंभर शब्दांवरून नजर फिरवली. तो शब्द त्यात नव्हता.

"काय पुरे?" तिने विचारलं. तिला उत्तराची भीती वाटत होती, तरी तिने पुढचंही विचारलं. "हे वाचणं, की सगळंच?"

बराच वेळ काही आलं नाही. तिने घाई केली नाही. चंदना दारातच थांबली होती. मग यंत्र अडखळलं, 'अ' म्हणालं, 'आप' म्हणालं, मागे गेलं आणि पुन्हा पुढे आलं.

"आजचं," सन्मती म्हणाले. "आजचं पुरे."

पद्मजाने पेन्सिल घेतली, उद्या कुठल्या शब्दापासून सुरू करायचं तिथे खूण केली आणि कागद मिटून ठेवला.